एका बैठकीपुरती खोली

७ ऑक्टोबर

दैनंदिनी लिहिणाऱ्यांविषयी मला कधी फारसा आदर वाटला नाही. जे घडले ते घडले. त्याला शब्दांत पुन्हा घडवण्याची हौस बहुधा ज्यांच्याकडे काही घडत नाही त्यांनाच असते. परंतु वास्तू उभारायची तर प्रत्येक निर्णय त्याच्या कारणासह जागच्या जागी नोंदलेला असावा. नाहीतर निर्णय आधी होतो आणि कारणे मागाहून शिवून घेतली जातात. तर्कशास्त्राच्या वर्गात मी हे जन्मभर सांगितले. आता स्वतः पाळावे, एवढाच या लेखनाचा उद्देश.

प्रतिज्ञा: शहराबाहेरच्या उतारावर, झाडीच्या कडेला माझा जो जमिनीचा तुकडा आहे, तेथे ध्यानासाठी एक लहान खोली बांधायची. एका व्यक्तीची. ती पूर्ण झाल्यावर मी तेथेच राहीन.

हेतू: या घरात शांतता नाही.

या हेतूचाही हेतू: धाकटी बोलते.

माझी बहीण माझ्याहून पाच वर्षांनी लहान. तिचे यजमान गेले त्या वर्षी ती माझ्याकडे आली. मी तिला आणली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. एका दुपारी ती दोन पिशव्या घेऊन दारात उभी राहिली आणि मी दार उघडले. मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते, थोडा अशक्तपणा होता, आणि नकार देण्याइतके त्राण नव्हते. विधवा बहिणीला आसरा देणे हे कर्तव्य आहे, हे मी जाणते. त्याला चार वर्षे झाली.

ती सकाळी बोलू लागते ती रात्री दिवा मालवेपर्यंत. आजचा नमुना: "ताई, ऐकलंस का? समोरच्या शिंप्यानं शटरला हिरवा रंग दिला. शेवाळ्यासारखा. आता ते दुकान ओलं वाटायला लागलंय बघ. आणि वरच्यांचा कुत्रा आज जिन्यात उलटा बसला होता. म्हणजे तोंड भिंतीकडे. रुसला असेल का गं?"

यातील एकाही विधानातून दुसरे कोणतेही विधान निष्पन्न होत नाही.

११ ऑक्टोबर

आर्किटेक्ट येऊन गेली. तरुण मुलगी आहे, केस आखूड, बोटांना शाई. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने तिचे नाव सुचवले. बसल्याबरोबर तिने विचारले, "मॅडम, आत गेल्यावर तुम्हाला कसं वाटायला हवंय?"

मी म्हटले, "वाटणं हा निकष नाही. एक व्यक्ती पाठ ताठ ठेवून बसते, हे गृहीतक. त्यातून जे अपरिहार्यपणे निघतं तेवढंच बांधायचं."

"मग छप्परसुद्धा सिद्ध करावं लागेल मला!"

"छप्पर हवामानातून निघतं. तुला ते सिद्ध करायला नको, हवामान करील."

ती हसली. मुलगी बुद्धिमान आहे. तिचे म्हणणे असे की सिमेंट वापरू नये. त्याच जमिनीतली माती खणून, दाबून, न भाजता विटा कराव्यात. जोते दगडाचे, गिलावा चुन्याचा, लाकूड मोडीत निघालेल्या इमारतीचे. पुढे कोणाला ती खोली नकोशी झाली, तर छप्पर उतरवावे. भिंती आपोआप पुन्हा जमीन होतील. हा युक्तिवाद मला पटला. आपल्यामागे काही उरू नये ही इच्छा सर्वसाधारणपणे लोकांना नसते, मला आहे.

धाकटीने चहा आणून ठेवला आणि मान हलवून निघून गेली. पाहुण्यांसमोर तिने तोंड आवरले, हे उल्लेखनीय.

१९ ऑक्टोबर

मातीची परीक्षा. जमिनीतली मूठभर माती काचेच्या बरणीत घालायची, पाणी ओतायचे, हलवायचे आणि ठेवून द्यायचे. जड वाळू आधी तळाशी बसते, मग गाळ, शेवटी चिकणमाती. थरांच्या जाडीवरून विटेचे मिश्रण ठरते. बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. ही मोठी चूक झाली.

"ताई, वाळू बसली!"

"ताई, मधला थर दिसायला लागला. सायीसारखा."

"ताई, वरचं पाणी अजून गढूळच आहे. त्याला वेळ लागेल. असू दे. गढूळ पाण्याला घाई करून चालत नाही."

मी अभ्यासिकेचे दार लावून घेतले. थोड्या वेळाने तिने ते बोटभर उघडले, मी खुर्चीत आहे हे पाहिले आणि पुन्हा लावले. असे ती दिवसातून अनेकदा करते. कारण विचारले तर म्हणते, "काही नाही, वारा आहे."

२ नोव्हेंबर

आमचे वडील वकील होते. जेवणाच्या टेबलावर त्यांचा एक नियम असे. कोणाला विरोध करायचा असेल, तर आधी त्याचे म्हणणे त्याच्याहून चांगल्या रीतीने मांडून दाखवायचे. समोरच्याने "हेच" म्हटले, की मगच आपले तोंड उघडण्याचा अधिकार. "हेच" न म्हटल्यास पुन्हा मांडायचे. यात भाजी गार होई, परंतु घरात आवाज कधी चढला नाही. तो नियम आम्ही दोघी आजही पाळतो.

आज धाकटीपुढे प्रश्न ठेवला. मी उतारावर राहायला गेल्यावर हे घर बंद करावे आणि तिने मुलाकडे जावे, असा माझा विचार आहे. नियमाप्रमाणे आधी तिचा पूर्वपक्ष मांडला.

"तुझं म्हणणं असं. मुलाचं घर लहान, सून नोकरीला. तिथे तू पाहुणी ठरशील. तुला बोलायला माणूस लागतं आणि तिथे दिवसभर कोणी नसेल. इथले शेजारी, शिंपी, पाववाला यांची तुला सवय झाली आहे. म्हणून तुला इथेच राहायचं आहे. पण एकटीनं राहायची तुला भीती वाटते. म्हणून मीही जाऊ नये."

ती टॉवेलाची घडी करत होती. केलेली घडी मोडून तिने पुन्हा केली.

"हेच," ती म्हणाली. "किती छान मांडलंस, ताई. मला मेलीला असं कुठलं जमायला!"

मग मी उत्तर दिले. नातू दुपारी शाळेतून येतो, म्हणजे बोलायला माणूस आहे. दवाखाना कोपऱ्यावर आहे. मुलाने दोनदा बोलावले आहे. सवय मोडते, भीती सोबतीने जाते. ती प्रत्येक मुद्द्याला मान हलवत होती. शेवटी म्हणाली, "आणि तुझ्याजवळ कोण असेल तिथे?"

"कोणी नसेल. तोच तर उद्देश आहे."

"हो. ते आहेच म्हणा."

"आक्षेप?"

"आक्षेप कसला? तुझं बरोबरच असतं."

नोंद: इतक्या वर्षांत तिने एकदाही "नाही, हे माझं म्हणणं नव्हे" असे मला म्हटलेले नाही. दुसऱ्याची बाजू बिनचूक ओळखता येते, याबद्दल मला जे समाधान आहे ते निराधार नाही.

९ नोव्हेंबर

जिन्यात वरच्या मजल्यावरची दंतवैद्याची पत्नी भेटली. "तुमच्या बहीणबाई किती हो शांत! लिफ्टमध्ये भेटल्या तर नुसत्या हसतात. मी तर आमच्यांना म्हटलं, त्यांना बोलता येतं ना?"

दाताच्या यंत्राच्या सहवासात ऐकण्याची शक्ती क्षीण होत असावी.

२४ नोव्हेंबर

सगळ्या रचनेत एकच चैन आहे: खिडकी. कल्पना आर्किटेक्टची, परंतु तर्काला धरून आहे. भिंतीत आडवी फट, वीतभर उंच, बसलेल्या व्यक्तीच्या डोळ्यांच्या नेमक्या रेषेत. उभ्या माणसाला तीतून काहीच दिसणार नाही. बसले, पाठ सरळ केली, की समोरची टेकडी, खालचे तळे आणि मधली झाडे एकदम दिसतील. दृश्य हे बसण्याचे फळ. फिरत्याला ते मिळू नये.

त्यासाठी बसल्यावर जमिनीपासून डोळ्यापर्यंतचे अंतर हवे. मुलगी टेप घेऊन आली. "मॅडम, जरा मांडी घालून बसता?"

मला वाचनालयाच्या वार्षिक सभेचे भाषण तपासायचे होते. शिवाय चेहऱ्याजवळ कोणी टेप धरलेली मला आवडत नाही. मी म्हटले, "धाकटीचं माप घे. आमची उंची एकच आहे, बोटाचाही फरक नाही."

"पण बसल्यावर मॅडम, कधीकधी..."

"एकाच आव्यातली मडकी आहेत, बाळ. घे माप."

शेजारच्या खोलीत दोघींचे काम बराच वेळ चालले. आवाज फक्त टेपच्या सरकण्याचा. जाताना मुलगी म्हणाली, "मावशी काय सुंदर बसतात हो! हलल्यासुद्धा नाहीत. मी दोनदा विचारलं, आहात ना? तर नुसत्या डोळ्यांनी हो म्हणाल्या."

हलल्यास माप चुकेल अशी तिची समजूत झाली असणार.

१५ डिसेंबर

सभा रद्द झाली, म्हणून दुपारीच परतले. किल्लीने दार उघडले. घरात चिटपाखरू नसावे अशी शांतता. मला वाटले, ही बाहेर गेली. अशा शांततेत चहा घ्यावा म्हणून स्वयंपाकघराकडे वळले, तर ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली. झोपलेली नव्हती. हातात काही नव्हते. चेहरा असा, की मी क्षणभर तिला ओळखले नाही. एखादी गोष्ट पुरेशी आहे असे ज्यांना वाटते त्यांचा असतो तसा.

फरशीवर माझी चप्पल वाजली. तिने वळून पाहिले, उठली, पेलाभर पाणी प्यायली, मी व्याख्यानाला उभी राहण्याआधी पीत असे तशी, आणि सुरू झाली: "अगं, आज लवकर? बरं झालं. ऐक ना, शिंप्याकडे आज एक गिऱ्हाईक आलं होतं, त्याचा एक हात सदऱ्यात अडकला..."

अनुमान: श्रोता नसला की तिचे बोलणे साचून राहते, श्रोता दिसताच बांध फुटतो. एकटेपणात तिची काय अवस्था होते याचे हे प्रत्यक्ष प्रमाण. तिला मुलाकडे पाठवणे अधिकच आवश्यक.

१४ जानेवारी

पाया खणला. गवंडी विनोदी आहे. आखलेल्या दोऱ्यांच्या आत उभा राहून म्हणाला, "बाई, एवढ्यात माझी सायकल मावेल. पण मग मी कुठे मावू?"

"तुम्ही मावायचं नाही. तुम्ही बांधून बाहेर पडायचं."

"ते खरं. पण तुम्ही तरी कूस कशी बदलणार?"

निजण्याची फळी, चुलीचा कोनाडा, पुस्तकांसाठी एक खाच आणि बसण्याची जागा. बाहेर पाण्याची टाकी आणि कोरडा संडास, ज्यात पाण्याऐवजी लाकडाचा भुसा टाकतात. एवढ्याने मनुष्याचे भागते. उरते ती सवय.

८ फेब्रुवारी

नव्या आराखड्यात दाराबाहेर एक दगडी बाक दिसला. मी तो खोडला. मुलगी म्हणाली, "कुणी भेटायला आलं तर?"

"गृहीतकात एक व्यक्ती आहे."

"मावशी आल्या तर?"

"ती आली की बाक पुरणार नाही, तिला सभागृह लागतं."

मुलगी हसली नाही.

संध्याकाळी भाच्याचा फोन. मेच्या आरंभी आईला न्यायला येईन म्हणाला. मग विचारले, "मावशी, आई बोलते का तुझ्याशी?"

"थांबते का, असं विचार."

"आई? आमची आई?"

"नाही, शेजाऱ्याची. अरे, पाचवं वर्ष चाललंय. कुत्रा, शिंपी, पाव."

"आमच्याकडे तर बाबा आणि आई... दोन दोन दिवस शब्द नसायचा घरात. भांडण नाही काही. तशीच होती दोघं." मग म्हणाला, "बरं. म्हणजे तू बरी आहेस."

या शेवटच्या वाक्याचा आधीच्या वाक्यांशी संबंध लागला नाही. मुलांना आपल्या आईवडिलांविषयी फार थोडे ठाऊक असते.

१२ मार्च

भिंती डोक्याएवढ्या झाल्या. गिलाव्याचा चुना अजून मुरतो आहे. घाई केली तर भेगा पडतात.

६ एप्रिल

खोली पूर्ण झाली. आज पहिली बैठक.

गवंडी, आर्किटेक्ट आणि धाकटी बाहेर थांबली. मी आत गेले, दार लावले. मातीचा वास, त्यामागे चुन्याचा गारवा. सावली मोजून कापल्यासारखी. सतरंजीवर बसले, पाठ सरळ केली, डोळे उघडले.

समोर लाकूड होते.

खिडकीच्या चौकटीची वरची फळी. तिच्या शिरा मला स्पष्ट दिसत होत्या. मान वाकवली तर तळ्याचा एक तुकडा दिसे. पाठ सरळ केली की तो जाई. मी कितीतरी वेळ तशीच बसले, कारण उठले असते तर कारण सांगावे लागले असते.

बाहेर आल्यावर मुलीने मला बसवून टेप लावली. मग आकडा पुन्हा वाचला. "मॅडम, तुमची पाठ लांब आहे. पाय आखूड. मावशींचं उलट. उभ्यानं सारख्याच दिसता तुम्ही, पण बसल्यावर... तुम्हीच म्हणाला होता..."

"मी काय म्हणाले ते मला ठाऊक आहे."

उभ्या उंचीवरून बसलेल्या उंचीचे अनुमान. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मी यासाठी उभे केले असते.

गवंडी गंभीरपणे म्हणाला, "बाई, खिडकी वर नेऊ, का तुम्हाला खाली नेऊ? जमीन खणायला सोपी आहे."

चौकट काढली तर चुन्यात पक्की बसलेली भिंत कोपऱ्यापर्यंत फोडावी लागेल. माल वाया जाईल. टिकाऊपणाच्या तत्त्वाशी ते विसंगत. मी सांगितले, राहू दे. ध्यानाला दृश्याची गरज नाही.

तेवढ्यात धाकटी म्हणाली, "मी बसून बघू का गं?"

ती आत गेली. दार अर्धे उघडे होते. ती बसली, आणि मी पाहिले की खिडकीतला उजेड बरोबर तिच्या डोळ्यांवर पट्टीसारखा पडला. आम्ही वाट पाहू लागलो. आता बोलेल, मला वाटले. ताई, तळं दिसतंय बघ. ताई, ते झाड वाकडं आहे. गवंड्याने हत्यारे धुतली. मुलीने दोनदा घड्याळ पाहिले. मी उंबऱ्याजवळच्या दगडावर बसले, मग उठले, मग पुन्हा बसले. आतून काहीच येत नव्हते. शेवटी मीच हाक मारली, "बरी आहेस ना?"

ती हळूच बाहेर आली. डोळे ओले होते; चुन्याने होतात.

"कसं आहे?" मुलीने विचारले.

"पुरेसं आहे," धाकटी म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तुला खरंच हेच हवं होतं का गं, ताई? असं गप्प?"

"सहा महिने मी दुसरं काय सांगते आहे?"

"हो. सांगत होतीस खरं. मलाच वाटलं, बोलून दाखवतेयस नुसतं."

परतीच्या वाटेवर गाडीत ती काही बोलली नाही.

११ एप्रिल

धाकटी बोलत नाही.

रागावलेली नाही, हे मी तपासले. विचारले तर उत्तर देते. जेवण वेळेवर, चेहरा प्रसन्न. पण आपण होऊन एक शब्द नाही. चहाचा कप ठेवते तोही आवाज न करता.

म्हणजे ज्या उद्देशाने खोली बांधली तो घरातच साध्य झाला. हा विनोद आहे, आणि तो सांगण्यासारखे कोणी नाही.

२० एप्रिल

आज दोनदा उठून पाहिले, घड्याळ बंद पडले की काय. चालू होते. दुपारी तिच्या खोलीत गेले.

"तुला बरं नाही का?"

"बरी आहे की."

"बोलत नाहीस."

"काय बोलू?"

"म्हणजे... शिंपी?"

"आहे की."

"बरा आहे?"

"बराच असेल."

ती माझ्याकडे जरा रोखून पाहत राहिली, रोग्याकडे पाहावे तशी. मग म्हणाली, "झोप लागते ना तुला?" मी होय म्हटले. ते खरे नव्हते; परंतु तो विषय नव्हता.

३ मे

भाचा आला. धाकटीच्या त्याच दोन पिशव्या. तिसरी झाली नाही.

तो एक पिशवी घेऊन खाली गेला आणि परतताना मला जिन्याच्या तोंडाशी गाठून दबक्या आवाजात म्हणाला, "मावशी, राहशील ना गं नीट? डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, हिला एकटं ठेवू नका, कुणीतरी सतत बोलतं ठेवा. म्हणून तर आई आली होती."

मी दुरुस्ती केली: "डॉक्टर ते तुझ्या आईविषयी म्हणाले. बाबा गेल्यावर."

"नाही गं. बाबा गेल्यावर ती एकटी नीट राहत होती. तुझे पडदे उघडत नाहीत म्हणून तुझ्या शेजाऱ्यांचा फोन आला, तेव्हा ती निघाली. तू जेवत नव्हतीस."

दुःखाच्या काळात घटनांचा क्रम स्मृतीत उलटा बसतो, हे सर्वज्ञात आहे. मी वाद वाढवला नाही.

आत आले. धाकटी चपला घालत होती. का कोण जाणे, हा प्रश्न पुन्हा एकदा चर्चेला घ्यावा असे मला वाटले. नियमाप्रमाणे मी आरंभ केला: "तुझं म्हणणं असं आहे, की आता जाणं ठरलंच आहे, तेव्हा..."

"ताई," ती म्हणाली, "माझं राहू दे. तुझं म्हणणं काय आहे?"

असा प्रश्न वडिलांच्या त्या टेबलावर कधी कोणी विचारला नव्हता. मी म्हटले, "माझं म्हणणं मी नोव्हेंबरमध्येच मांडलं आहे."

तिने वाट पाहिली. पुरेशी वाट पाहिली. खालून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"हो," ती म्हणाली. "मांडलं होतंस." आणि माझ्या खांद्यावरून हात फिरवून जिना उतरली.

१० मे

उतारावर राहायला येऊन तीन दिवस झाले. शांतता पूर्ण आहे. मातीच्या भिंती उन्हाला आत येऊ देत नाहीत. आर्किटेक्टचे गणित उत्तम. बैठक सकाळी आणि सायंकाळी. समोर लाकूड. त्याच्या शिरा मला आता पाठ झाल्या आहेत.

१६ मे

विशेष नाही.

२१ मे

सकाळी उठण्याचे कारण तपासले. ध्यानासाठी उठावे, तर ध्यान पडूनही करता येते. स्वयंपाकासाठी उठावे, तर भूक हा आधार हवा आणि तो नव्हता. कोणी येणार नव्हते. युक्तिवादात कोठेही दोष सापडला नाही. मी पडून राहिले. दार बंदच ठेवले. उजेडाची गरज नव्हती.

२५ मे

दारावर थापा. गवंडी.

"बाई, दार उघडं ठेवत जा. मातीची भिंत आहे, वारा मिळाला नाही तर ओल धरेल. घर आंबेल, आणि तुम्ही पण." मग माझ्याकडे पाहून तो जरा थांबला. "तुमच्या बहिणीचा फोन होता मला. म्हणाल्या, ताईचा लागत नाही, जाऊन बघून या, आणि नुसतं बघू नका, बोलून या. म्हणून बोलतोय."

त्याने चहा केला. माझा फोन खोलीत लागत नाही, हे मला माहीत होते. तो म्हणाला, पाण्याच्या टाकीपलीकडे, वळणावर लागतो.

आणीबाणीच्या वेळी तेथून खरोखर संपर्क होतो का, हे तपासणे इष्ट होते. म्हणून त्याच्यामागून गेले. बऱ्याच दिवसांत एवढे चालले नव्हते. ऊन डोळ्यांवर आले. नंबर लावला. तिने पहिल्याच घंटेला उचलला.

मी म्हटले, "नेटवर्क तपासते आहे."

"हं."

"ऐकू येतंय का?"

"येतंय."

एवढ्यावरून आवाज टिकतो की तुटतो, हे कळणे शक्य नव्हते. चाचणीला सलग बोलणे हवे. मी इकडेतिकडे पाहिले. "टाकीवर एक पक्षी आहे," मी म्हटले. "काळा. शेपूट लांब. तो पाण्यात डोकावतो आहे आणि पीत नाही."

पलीकडे शांतता. मला वाटले, तुटले.

"मग?" धाकटी म्हणाली.

"मग काही नाही. आता दुसरा आला. तो पितो आहे. पहिला त्याच्याकडे बघतोय."

"रुसला असेल."

"पक्ष्यांना रुसण्याची..." मी म्हणू लागले, आणि थांबले. "असेल," मी म्हटले. "तोंड फिरवून बसलाय खरा."

ती हसली. मग म्हणाली, "जेवलीस का?"

"गवंड्यानं चहा केला."

"चहा म्हणजे जेवण नव्हे. ताई, उद्याही कर फोन. याच वेळेला. न चुकता."

संपर्क तुटला नाही, असे आढळले. परंतु एका उदाहरणावरून नियम प्रस्थापित होत नाही. वारा, ढग, वेळ यांनी फरक पडू शकतो. चाचणी उद्याही करावी लागेल, आणि बहुधा परवाही. तिला पुरेल इतके बोलणे हवे, म्हणून दोन गोष्टी पाहून ठेवल्या आहेत. गवंड्याने नवे बूट घेतले आहेत आणि त्यातला फक्त डावाच वाजतो. दुसरे म्हणजे, तो पाणी न पिणारा पक्षी एका पायाने किंचित लंगडतो. याची मात्र खात्री नाही. ते सकाळी टाकीवर येतात, असे गवंडी म्हणतो. लवकर उठून पाहीन.